लॅटिनची उजळणी

सर गणित शिकवतात. गाऊसचा ‘दिस्क्विझिशनेस अरिथ्मेटिके’ हा १८०१ सालचा ग्रंथ त्यांना मुळातून वाचायचा आहे आणि तो लॅटिनमध्ये आहे, म्हणून या वयात लॅटिन. बाई संस्कृत शिकवतात. तौलनिक व्याकरणाच्या ओढीनं त्या लॅटिनकडे फार पूर्वीच वळल्या होत्या. सरांना आता त्याच शिकवताहेत. नामांच्या पहिल्या विभक्ती झाल्या, क्रियापदाचा वर्तमानकाळ झाला, आणि आकड्यांपाशी येऊन दोघांचे मतभेद झाले. नवी भाषा शिकणारा माणूस पहिल्या आठवड्यात दहापर्यंत मोजायला शिकतो आणि तो विषय तिथंच सोडतो. लॅटिनमध्ये असं करणं तोट्याचं आहे, असं त्यांचं बोलणं ऐकून माझं मत झालं. पुढे जे दिलं आहे त्यात माझा कल बाईंकडे आहे, हे आधीच सांगते. पण एका मुद्द्यावर सरांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

सर : बाई, ऊनुस, दुओ, त्रेस, क्वात्तुओर, क्वीन्क्वे, सेक्स, सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम. झालं की! विसापर्यंत आणि मग शंभरपर्यंत घोकून काय साधणार? लॅटिनमध्ये मला बाजारहाट करायचा नाही. गणिताच्या पुस्तकात संख्या अंकांतच छापलेल्या असतात. त्याऐवजी क्रियापदाचा भूतकाळ घेऊया.

बाई : गाऊसच्या रोजनिशीतली पहिलीच नोंद बघा. ३० मार्च १७९६. वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायला त्याला एक महिना होता. पट्टी आणि कंपास एवढ्यावर वर्तुळाचे सतरा समान भाग करता येतात हे त्याच्या लक्षात आलं, ते त्यानं लॅटिनमध्ये टिपून ठेवलं. तिथं सतरा अंकात नाही, अक्षरात आहे. सेप्तेमदेकिम. तुम्ही ज्या माणसासाठी ही भाषा शिकताय त्याचा पहिला मोठा शोध एका संख्यावाचक शब्दावर उभा आहे आणि तुम्ही देकेमवर थांबायचं म्हणताय.

सर : एक शब्द. तो मी कोशात बघेन. सात आणि दहा येत असतील तर कोशही नको. पाठांतराला माझा विरोध तत्त्वाचा आहे. आपल्याकडे पाढ्यांनी किती मुलांच्या मनात गणिताची भीती घातली, हे मी वर्गात बघतो.

बाई : रोमन मुलांचंही तेच होतं. संत ऑगस्टिननं ‘कन्फेशन्स’मध्ये लिहिलंय की एक आणि एक दोन, दोन आणि दोन चार हे तालावर म्हणणं त्याला नकोसं व्हायचं, त्यापेक्षा ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट त्याला प्रिय होती. होरेसनं ‘आर्स पोएटिका’त तक्रार केलीय की रोमन पोरं नाण्याचे शंभर हिस्से करायला शिकतात, मग त्यांच्याकडून काव्य कसं व्हावं. आपल्या पावकी-निमकीची आठवण यावी असाच तो प्रसंग आहे. तेव्हा घोकंपट्टीबद्दल तुमच्याशी मी भांडत नाही. घोकायला मी सांगितलेलंच नाही. मी ऐकायला सांगितलं. सेप्तेम म्हणा आणि सप्त म्हणा. ओक्तो, अष्टौ. नोवेम, नव. देकेम, दश. दुओ, द्वौ. विगिन्ती, विंशति. निम्मं काम तुमच्या आजीनं शुभंकरोतीबरोबर आकडे म्हणून घेतले तेव्हाच झालेलं आहे.

बाईंच्या या बोलण्यामागे चांगला चारशे वर्षांचा इतिहास आहे. फिलिप्पो सासेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी १५८०च्या दशकात कोची आणि गोवा इथं राहत होता. १५८८ साली गोव्यातच तो वारला. मसाल्याच्या धंद्यातून वेळ काढून त्यानं संस्कृतची चौकशी केली आणि घरी लिहिलेल्या पत्रात कळवलं की या भाषेतले कितीतरी शब्द आपल्या इटालियनसारखे आहेत. उदाहरणं देताना त्यानं देव आणि सर्प यांच्या जोडीला सहा, सात, आठ, नऊ हे आकडे दिले. विल्यम जोन्सचं कलकत्त्याचं प्रसिद्ध भाषण १७८६ सालचं. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी हे नातं एका व्यापाऱ्याच्या कानाला लागलं होतं आणि ते आकड्यांतून लागलं होतं. मला हे फार हृद्य वाटतं. व्याकरणकाराच्या आधी हिशेब करणाऱ्या माणसाला ते कळलं.

सर : नात्याचं मान्य. पण नातं आहे म्हणून अंदाज बांधायला गेलो की फसतो. पहिला म्हणजे प्रिमुस, प्रथमसारखा. ठीक. तिसरा तेर्तिउस, तृतीय. ठीक. मग दुसरा? दुओवरून काहीतरी असेल म्हणून मी वाट बघत बसलो आणि निघालं सेकुन्दुस.

बाई : कारण त्यांनी दोनावरून तो शब्द बनवलाच नाही. मागोमाग येणारा तो सेकुन्दुस. रांगेत पहिल्याच्या पाठीमागे जो उभा आहे तो. असं अडखळायला झालं की तो शब्द तुम्ही विसरणार नाही.

सर : आणि ते लिंग-विभक्तीचं? ऊनुस, ऊना, ऊनुम. पुल्लिंगी दुओ, स्त्रीलिंगी दुए. त्रेस आणि नपुंसकलिंगी त्रिया. बरं, चालवायचं तर सगळे आकडे चालवा. चाराला येऊन हे थांबतात. क्वात्तुओरपासून केन्तुमपर्यंत काहीच बदलत नाही आणि दोनशेला पुन्हा सुरू. ह्याला नियम म्हणायचं?

बाई : संस्कृतात एकः, एका, एकम्, द्वौ, द्वे, त्रयः, तिस्रः, त्रीणि, चत्वारः, चतस्रः, चत्वारि. पाचापासून लिंग नाही. लॅटिन एक पायरी आधी थांबली इतकंच. आणि संस्कृत कशाला, मराठीत बघा. दोघी, तिघी, चौघी. पुढे?

सर : पाचजणी.

बाई : तेच. चारापर्यंत शब्द स्वतः स्त्रीलिंगी होतो, पाचाला ‘जणी’चा आधार घ्यावा लागतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तुम्ही चुकतही नाही. लॅटिनच्या मुलालाही दुए कुणी शिकवलं नसणार.

इथपर्यंत सर ऐकून घेत होते. अठरा आणि एकोणीस आले तेव्हा मात्र ते खुर्चीत सरसावून बसले.

सर : सतरा म्हणजे सात-दहा, सेप्तेन्देकिम. सरळ आहे. अठरा म्हणजे आठ-दहा असायला हवं. ते आहे दुओदेविगिन्ती, विसाला दोन कमी. एकोणीस ऊन्देविगिन्ती, विसाला एक कमी. अठ्ठावीस तिसाला दोन कमी. मला सांगा, वीस शब्द शिकणाऱ्या माणसाला मधेच वजाबाकी कशाला करायला लावायची?

बाई : तुम्ही रोज करता ती. एकोणीस. एकोणतीस. एकोणचाळीस. एकोणनव्वदसुद्धा, हिंदीवाले तिथं नवासी म्हणतात, आपण नव्वदाला एक कमीच म्हणतो. नव्व्याण्णवला मात्र आपण शंभराला एक कमी म्हणत नाही. लॅटिनमध्येही शंभराला एक कमी असा शब्द आहे, ऊन्देकेन्तुम, पण तो क्वचित. सहसा नव्वद-नऊच म्हणतात. ज्या जागी आपण वळतो त्याच जागी तेही वळतात. दोन कमी करणं तेवढं आपल्याकडे नाही.

सर : बोलायची ती जुनी सवय असेल. लिहिताना कुणी असं करत असेल असं मला वाटत नाही.

बाई : मार्कुस केलिउस नावाचा शतकाधिपती इसवी सन ९ मध्ये जर्मनीत रोमन सेनापती वारुसच्या पराभवात पडला. भावानं त्याच्या नावानं उभारलेली स्मृतिशिला जर्मनीत झांटेनजवळ सापडली. आता ती बॉनच्या संग्रहालयात आहे. त्याची पलटण अठरावी. शाळेत आपण रोमन अठरा कसा लिहितो? दहाची फुली, पाचाचं चिन्ह, तीन रेघा. त्या दगडावर दहाची फुली आहे, मग दोन रेघा, मग पुन्हा दहाची फुली. दोन कमी वीस. बोलत होते तसंच कोरलं.

सर : बाई, हे सुंदर आहे, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ती भाषा पुढे ज्यांनी बोलली त्यांनी अठराचं काय केलं? इटालियन दिचोत्तो, दहा-आठ. फ्रेंच दिझ-विट, दहा-आठ. स्पॅनिश दिएसिओचो, दहा आणि आठ. एकोणीसही तिघांत दहा-नऊ. लॅटिनच्या लेकरांनी ती वजाबाकी टाकून दिली. कुणी समिती बसवली नव्हती, लोकांनाच ती नको झाली. आणि आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला साठ तीन असं छापलं तर केवढा गहजब झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला. मंगला नारळीकर समितीच्या प्रमुख होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत. दुसरीच्या मुलाला जोडाक्षरं जड जातात आणि लिहिताना आधी सहा येतो, बोलताना आधी तीन, त्यात पोर गोंधळतं. माझ्या वर्गात छत्तीस सांगितलं की त्रेसष्ट लिहिणारी मुलं आजही आहेत. सातवीत.

बाई : लॅटिनमध्ये एकवीस दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. विगिन्ती ऊनुस, वीस एक. किंवा ऊनुस एत विगिन्ती, एक आणि वीस. दोन्ही शिष्ट.

सर : मग? सिसेरोच्या भाषेला दोन्ही चालत होती तर आपल्याला का चालू नयेत?

बाई काही क्षण बोलल्या नाहीत. माझ्यापाशीही याला उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधतही नाही. मुलाला संख्या आधी कळावी, तिचं रूढ नाव मागाहून आलं तरी चालेल, हे सरांचं म्हणणं मला पटतं. वीस एक म्हटल्यानं एकवीस मरत नाही; रोममध्ये ती दोन्ही शेजारी शेजारी नांदली.

बाई : मुलांपुरतं मी मान्य करते. पण तुम्ही दुसरीत नाही सर, आणि लॅटिन तुम्हाला बोलायची नाही, वाचायची आहे. बोलणाऱ्याला सोपं रूप निवडता येतं. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यानं जे निवडलं ते समजून घ्यावं लागतं. लिव्ही वाचाल तेव्हा अठरा सैनिकांचे तुम्ही वीस करून टाकाल.

सर : बरं, अठरा-एकोणीस घेतो. पण ते पृथक्त्ववाचक नको. सिंगुली, बिनी, तेर्नी. एकेक, दोन-दोन, तीन-तीन. मराठीत आपण शब्द दोनदा म्हणून मोकळे होतो.

बाई : तेच तर तुम्हाला सर्वांत आधी लागणार आहे. लॅटिनमध्ये पत्र हा शब्द अनेकवचनीच असतो, लित्तेरे; आणि अक्षरं म्हणजेही लित्तेरेच. दुए लित्तेरे म्हटलं तर दोन अक्षरं. दोन पत्रं म्हणायची तर बीने लित्तेरे. छावणीचंही तसंच, कास्त्रा अनेकवचनी, म्हणून दोन छावण्यांना बीना. आता तुमच्या गाऊसकडे या. पाचव्या प्रकरणात तो दोन चलांची वर्गरूपं घेतो आणि मग तीन चलांची. त्यांना तो काय म्हणतो?

सर : बायनरी आणि टर्नरी फॉर्म.

बाई : फोर्मा बिनारिया, फोर्मा तेर्नारिया. बिनी आणि तेर्नीवरून. दुओ आणि त्रेसवरून ते शब्द होत नाहीत. संगणकवाले रोज बायनरी म्हणतात तेव्हा तुम्हाला नको असलेलं हे पृथक्त्ववाचकच त्यांच्या तोंडी असतं. रोमन देनारिउस नाणंही असंच, देनी म्हणजे दहा-दहा यावरून. तेच आपल्या संस्कृतात दीनार म्हणून आलं.

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. पण तारखांचा विषय निघाल्यावर ते पुन्हा बिथरले, आणि माझ्या मते गणिताच्या माणसानं बिथरावं असाच तो विषय आहे. रोमन लोक महिन्यातल्या तीन ठरावीक दिवसांपासून उलटं मोजत: पहिली तारीख म्हणजे कालेन्दे, पाच किंवा सात म्हणजे नोने, तेरा किंवा पंधरा म्हणजे ईदूस. आणि मोजताना दोन्ही टोकं धरत.

सर : तीस डिसेंबरला ते १ जानेवारीच्या आधीचा तिसरा दिवस म्हणतात. एकातून एक गेला की एक उरतो, असं हे गणित झालं. तीस, एकतीस, एक, असं सगळं मोजायचं? हे अंतर नाही, ही हजेरी आहे.

बाई : हजेरीच. आपण सोमवारी कुणाला ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा तो कधी येतो?

सर : पुढच्या सोमवारी. सात दिवसांनी.

बाई : आणि सात दिवसांच्या त्या काळाला आपण आठवडा म्हणतो. त्यांचा बाजार दर आठव्या दिवशी भरायचा आणि त्याला ते नुन्दिने म्हणायचे, नऊ दिवसांचा. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करतो तेव्हा जन्माचा दिवस धरतोच की नाही?

सर : धरतो. पण त्यामुळे आपला पंचांगकर्ता चुकत नाही. त्यांचे चुकले. ज्युलियस सीझरनं इसवी सनपूर्व ४५ पासून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा असं ठरवलं, आणि तो गेल्यावर पुरोहितांनी दोन्ही टोकं धरून चौथं वर्ष मोजलं, म्हणजे दर तीन वर्षांनी दिवस वाढवत गेले. ऑगस्टसला मग काही वेळा तो दिवस गाळून हिशेब जुळवून घ्यावा लागला. शून्यापासून मोजण्याची सवय नसली की असं होतं. तुम्ही याला वेगळी दृष्टी म्हणाल. मी याला दोष म्हणतो.

बाई : दोष म्हणा. तो दोष माहीत नसेल तर सिसेरोच्या पत्रांच्या तारखा एकेका दिवसानं चुकतील.

सर : चुकू देत. सिसेरोची पत्रं माझ्या यादीत नाहीत.

बाईंनी मग तारखा सोडल्या आणि पैसे काढले. माझ्या मते त्यांनी याच मुद्द्यापासून सुरुवात करायला हवी होती, कारण मराठी माणसाला लॅटिन मोजणीचं दार इथं सर्वांत रुंद उघडतं. सेस्तेर्तिउस हे रोमन नाणं सुरुवातीला आस या लहान नाण्याच्या अडीचपट होतं. नावातच अडीच आहे: ‘अर्धा’ आणि ‘तिसरा’ हे शब्द जोडून ते झालंय, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. आपला अडीचही संस्कृत अर्धतृतीयावरून प्राकृतातून झिजत आलेला, त्याच बांधणीचा. अडीचकी म्हणणाऱ्या आपल्या पणजोबांना हे नाणं समजावून सांगावं लागलं नसतं. पुढे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात आसचा भाव उतरला आणि सेस्तेर्तिउस चार आसचा झाला. नाव अडीचच राहिलं.

बाई : आता मोठ्या रकमा. मिल्ले म्हणजे हजार. हजारापुढे त्यांच्याकडे एकेरी शब्द नाही. मग दहा लाख कसे म्हणत असतील?

सर : हजार हजार?

बाई : देकिएस केन्तेना मिलिया. दहा वेळा शंभर हजार. शंभर हजार म्हणजे काय सर?

सर : लाख.

बाई : रकमेत तर ते शंभर हजार बोलतही नसत, फक्त ‘दहा वेळा’ म्हणायचे आणि ऐकणारा लाख धरायचा. आपण ‘घर ऐंशीला गेलं’ म्हणतो तसं. थोरला प्लिनी ‘नातुरालिस हिस्तोरिया’च्या सहाव्या पुस्तकात कुरकुरतो की हिंदुस्थानचा व्यापार दरसाल आपल्या साम्राज्यातून इतके सेस्तेर्तिउस ओढून नेतो. रूढ पाठात तिथं पाचशेचं चिन्ह आहे, भोवती रेघा ओढलेलं. ते वाचायचं क्विन्गेन्तिएस, पाचशे वेळा.

सर : पाचशे लाख. पाच कोटी.

बाई : इंग्रजीत वाचलं असतं तर पन्नास मिलियन वाचून तुम्ही शून्यं मोजत बसला असता. सेमेल, बिस, तेर, क्वातेर, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, ही रूपं शिकलात तर प्लिनीचा हिशेब तुम्हाला मराठीतूनच कळतो.

सर : हे घेतो. ‘वेळा’ची रूपं पूर्ण घेतो. पृथक्त्ववाचक गाऊससाठी घेतो. एक ते वीस, मग दहा-दहांनी शंभर, शंभरांनी हजार, एवढं घेतो, पण तक्ता मी माझ्या हातानं करणार, तालावर म्हणणार नाही. आणि अठराला दहा आणि आठ असं रूपही शेजारी लिहून ठेवणार.

बाई : देकेम एत ओक्तो. लिहा, तेही जुन्या लेखनात सापडतं.

सर : तारखा नाही.

बाई : तारखा पावसाळ्यानंतर. क्रमवाचक मात्र आज, कारण तुमच्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तेच आहेत. सुरू करा. पहिला?

सर : प्रिमुस. सेकुन्दुस. तेर्तिउस. क्वार्तुस. आणि बाई, अठरावा?

बाई : दुओदेविकेसिमुस.

सर : विसाव्याला दोन कमी.